‘अहो’ की ‘अरे’? कपडे बघून कोण काय म्हणतं

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:४०)

गणपतीच्या आधी घराला रंग द्यायचा हा आमच्याकडचा नेम. यंदा मजुरीचा आकडा ऐकून म्हटलं, एक खोली तरी आपण स्वतः काढू. त्यामुळे आज सकाळी मी बाही उसवलेला टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतची बर्मुडा, डोक्याला पंचा आणि पायात बाथरूमच्या स्लिपर अशा अवतारात स्टुलावर उभा राहून छताची पुट्टी घासत होतो. ज्यांनी पुट्टी घासली आहे त्यांना माहीत असेल, अर्ध्या तासात माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो.

तेवढ्यात शेजारच्या आजींची हाक आली. आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते. घरात दोघंच. मी तसाच धावलो, रिक्षा थांबवली, आजोबांना उचलून आत घातलं आणि जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. नाव सांगत नाही. नाशिककरांनी ओळखायचा प्रयत्नही करू नये.

दारातच वॉचमन, “ए, रिक्षा इथं नाही, मागं घे.” काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग बघणं बंद केलं. “तू कोण यांचा?” शेजारी आहे म्हटलं. “घरचं कोणी मोठं माणूस नाही का? बोलाव त्यांना. डिपॉझिट भरावं लागेल.” मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. केस पांढरे झालेत, पण आज सगळाच पांढरा असल्याने ते कामाला आले नाहीत. मी भरतो म्हटल्यावर ती थोडी थबकली. मग फॉर्म पुढे सरकवून रेघेवर बोट ठेवलं. “इथं सही. येते ना?” डॉक्टर आले ते माझ्या खांद्यावरून आजींशी बोलले. आजींना ऐकू कमी येतं. मी मध्ये दोनदा काही विचारलं, त्याची उत्तरंही आजींनाच मिळाली. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन उद्या.

दुपारी घरी येऊन आंघोळ केली. निळा फुल शर्ट, काळी पँट, बूट. चार वाजता परत गेलो. वॉचमनने दार उघडून धरलं. तीच मुलगी, तेच काउंटर. “बोला सर, पेशंट कोण आपले?” मी नाव सांगितलं. तिने फाइल काढली आणि म्हणाली, “सर, सकाळी तुमचा तो माणूस आला होता ना, त्याने एका ठिकाणी सही सोडलीये. तुम्ही करता का प्लीज?”

मी केली. सकाळच्या सहीच्या बरोबर खाली. दोन्ही सह्या तंतोतंत सारख्या. तिने बघितल्या, कागद पंच केला, “थँक यू सर.”

कपड्यांवरून माणूस जोखतात, यात नवं काहीच नाही. पण आपल्या भाषेत ते लपतच नाही, हे आज लख्ख दिसलं. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’ म्हणून निभतं. मराठीत पहिलं वाक्य बोलायच्या आधीच ठरवावं लागतं, समोरचा ‘तू’ की ‘तुम्ही’. अनोळखी माणसाबद्दल ते ठरवायला आपल्याकडे कपड्यांशिवाय असतं तरी काय?

तुम्हाला काय काय हाका मिळाल्यात, कुठल्या कपड्यांत, ते लिहा.

सदाशिवी (रविवार, रात्री १०:५२)

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. चालू द्या.

लिंबूसरबत (रविवार, रात्री ११:०५)

पहिलाच प्रतिसाद म्हणीचा. धागा शंभरी गाठणार.

‘तुमचा तो माणूस’ला मोठ्याने हसले आणि मग जरा गप्प झाले.

बायकांच्या बाबतीत ‘अहो-अरे’पेक्षा नात्यांचा खेळ जास्त चालतो. माझी स्वतःची नोंद: कॉटनची साडी, खांद्याला कापडी झोळी, तर ‘मॅडम’ (प्राध्यापक समजतात). सिंथेटिक साडी आणि हातात वायरची पिशवी, तर ‘मावशी’. पंजाबी ड्रेस असेल तर ‘ताई’. जीन्सवर पुन्हा ‘मॅडम’, पण यातला ‘मॅडम’ भाव वाढवून सांगण्याआधीचा. माझ्या आईची धाकटी बहीण नऊवारी नेसते, तिला चाळिशीपासून ‘आजी’ म्हणतायत.

आणि पुट्टी घासताना नाकाला फडकं बांधा हो. ती भुकटी छातीत बसते.

वऱ्हाडी ठेचा (रविवार, रात्री ११:३१)

आमच्या नागपुरात सगळ्यांनाच ‘भाऊ’. तरी फरक असतेच ना बाप्पा. ‘या भाऊ, बसा’ अन् ‘काय पायजे भाऊ’, या दोन्हीतला भाऊ एक नाही. पहिला दुकानाच्या आतला, दुसरा पायरीवरचा.

पाटीपेन्सिल (सोमवार, सकाळी ७:१५)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्या पोशाखाचा तर शासननिर्णयच आहे, मार्च २०२४ चा. बायकांनी साडी नाहीतर सलवार-कुर्ता-दुपट्टा. पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट आत खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको. मुलांवर शिक्षकांच्या पोशाखाचा परिणाम होतो, असा एकूण सूर.

मुलांचं म्हणाल तर माझ्या चौथीतल्या पोरांना मी काय घातलंय यापेक्षा आज खिचडीत वाटाणे आहेत का यात जास्त रस असतो. परिणाम होतो तो मोठ्यांवर. शाळेच्या वाटेवर ओढा आहे. पावसाळ्यात मी पंजाबी ड्रेस घालते आणि सलवार वर खोचून पार होते. अशीच एकदा पोचले, केस भिजलेले, हातात चपला. तपासणीला आलेले साहेब व्हरांड्यात उभे. मला म्हणाले, “अगं ए, मुख्याध्यापक बाईंना निरोप दे जरा.”

मुख्याध्यापक मीच. पण खरं सांगू? आत जाऊन चपला घातल्या, पदराची सवय असल्याने ओढणी उगीच नीट केली, बाहेर येऊन ‘नमस्कार सर’ म्हटलं. निरोप पोचला.

कोपऱ्यातला (सोमवार, सकाळी ९:४८)

यावर झालेलं एक काम मला आवडतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ओह, शफीर आणि टोडोरोव्ह यांनी ते २०१९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलं. चेहरा एकच, खाली कपडे दोन तऱ्हांचे. एक जरा पैसेवाल्याचे वाटतील असे, दुसरे जरा साधे. फाटके-मळके काही नाही, सगळे रोजच्या वापरातलेच. बघणाऱ्यांना विचारायचं, हा माणूस किती कर्तबगार वाटतो? बऱ्या कपड्यांतला तोच चेहरा जास्त कर्तबगार ठरला. फोटो १२९ मिलिसेकंद दाखवला, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागाइतका, तरीही.

खरी मजा पुढे. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावून बघितलं. या सगळ्यांचा धंदा आणि कमाई एकसारखी आहे असं आधी सांगून बघितलं. अचूक सांगाल तर पैसे देऊ असं आमिष दाखवून बघितलं. फरक काही पुसला गेला नाही.

गोदाकाठांच्या काउंटरवरच्या मुलीने तर पूर्ण दोन सेकंद घेतले असतील. त्या मानाने तिने विचारपूर्वक निर्णय घेतला म्हणायचं.

अजून एक, धाग्याला चपखल. २०१२ मध्ये अमेरिकेत अॅडम आणि गॅलिन्स्की या दोघांनी लोकांना पांढरा कोट घालून एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. काहींना सांगितलं हा डॉक्टरचा कोट, काहींना सांगितलं हा पेंटरचा (भिंतीवाला नव्हे, चित्रं काढणारा). कोट तोच. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचं लक्ष म्हणे जास्त लागलं. फार गाजलं हे. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन त्यातला पहिला प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसं काही आढळलं नाही. म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत कपडे काय करतात याचा पुरावा भक्कम आहे, आपल्या डोक्यात काय करतात याचा तेवढा नाही.

खिडकी क्रमांक तीन (सोमवार, दुपारी १:२०)

जरा दुसरी बाजू. मी पाच वर्षं एका हॉस्पिटलात बिलिंगला होते (गोदाकाठांचं नव्हे, दुसरं शहर).

कपडे बघतो असं तुम्हाला वाटतं. आम्ही आधी पाय बघायचो. चप्पल खोटं बोलत नाही. शर्ट लग्नातला घालून येतात माणसं, चप्पल तीच असते, अंगठ्याला तार गुंडाळलेली. मग हातातली पिशवी. सराफाच्या नावाची कापडी पिशवी असेल तर दागिना मोडून आलेत, आज पैसे आहेत. मग फाइल. प्लास्टिकच्या फाइलमध्ये जुने रिपोर्ट तारखेने लावलेले असतील तर घरात कोणीतरी शिकलेलं आहे, नीट बोलायचं. नुसती घडी घातलेली चिठ्ठी खिशातून निघाली की आवाज आपोआप चढायचा.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कुठे लिहिलेलंही नव्हतं. पण डिपॉझिट न भरता पेशंट आत गेला आणि नंतर बिल थकलं, तर प्रश्न मला विचारायचे. एक बिल थकलं की पुढचा महिनाभर प्रत्येक तुटकी चप्पल मला धमकी वाटायची. त्या मुलीचं समर्थन करत नाही. तिच्या खुर्चीत बसून आले आहे, एवढंच.

नोकरी सोडल्यावर एक सवय मात्र जात नाही. अजूनही कोणी घरी आलं की माझी नजर आधी खाली जाते.

सदाशिवी (सोमवार, दुपारी १:४४)

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. अनोळखी माणूस समोर आला की अंदाज बांधावाच लागतो. पोलीस बांधतो, दुकानदार बांधतो, बँकवाला बांधतो. तुम्हीही बांधता. रात्री दहाला दार वाजलं तर भोकातून काय बघता? पॅन कार्ड? समाजात वावरायचं तर नीटनेटकं राहावं, म्हणजे असले प्रसंग येत नाहीत. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ काही उगीच म्हटलेलं नाही.

लिंबूसरबत (सोमवार, दुपारी १:५०)

दुसरी म्हण. आणि पडलेल्या म्हाताऱ्याला उचलण्याआधी इस्त्री करून जायचं का?

कुलूपकिल्ली (सोमवार, दुपारी ३:०२)

पुण्यात भाड्याने घर शोधताना मित्राने सल्ला दिला होता, गळ्यातला कंपनीचा पट्टा काढू नकोस. शनिवारी सुट्टीच्या दिवशी पट्टा घालून सहा घरं बघितली. एका मालकांनी मला पोहे दिले. पट्टा न घातलेल्या रूममेटला, जो माझ्याच कंपनीत, माझ्याच टीममध्ये आहे, त्याच मालकांनी आडनाव दोनदा विचारलं.

बांधावरचा (सोमवार, रात्री ९:१०)

शेतकऱ्यांच्या त्या बातम्या कोणीच कशा काढल्या नाहीत? कर्नाटकात तुमकुरूला जानेवारी २०२२ मध्ये एक शेतकरी गाडी बघायला शोरूममध्ये गेला. अवतार बघून विक्रेत्याने टोमणा मारला, तर गड्याने तासाभरात दहा लाख आणून दाखवले. जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या म्हाताऱ्याला सिनेमाला सोडलं नाही, बरोबर मुलगा होता, तिकिटं काढलेली होती. तिथल्या सरकारने तो मॉल सात दिवस बंद करायला लावला.

तुमकुरूची बातमी आमच्या गावच्या ग्रुपवर अजून फिरते, खाली टाळ्यांचे हात. मला त्या टाळ्या खटकतात. दहा लाख आणले म्हणून विक्रेता चुकला का? समजा नसते आणता आले, नुसती गाडी बघायलाच आला असता, तर? आमच्यातले निम्मे लोक शोरूममध्ये बघायलाच जातात. ‘साध्या कपड्यातला माणूस श्रीमंत निघाला’ ही गोष्ट शेवटी श्रीमंतालाच मान देते. कपडे फक्त मधून काढून टाकते.

आमचे आबा तालुक्याला जायचे तर पेटीतलं धोतर काढायचे, धुवट टोपी, कोल्हापुरी चपलेला तेल. तलाठ्याकडे जायचे तर मात्र मुद्दाम रोजचंच. ‘नवं बघितलं की तो जास्त मागतो,’ म्हणायचे. तर असंही असतं.

जुनीपुराणी (सोमवार, रात्री ११:२५)

बांधावरचा यांना दंडवत. तोच धागा जरा मागे नेते.

१८८८ साली व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट पुण्यात आले होते. हरि रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सगळे उंची पोशाखात, आणि जोतीराव फुले तिथे गेले ते शेतकऱ्याच्या वेशात, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. राजपुत्राला त्यांनी सुनावलं की हे जे जमलेले दिसतात त्यांच्यावरून माझ्या देशाचा अंदाज करू नका. लक्षात घ्या, फुले तेव्हा कंत्राटदारीचा व्यवसाय केलेले, बऱ्यापैकी स्थितीतले गृहस्थ होते. घोंगडी हा त्या संध्याकाळचा युक्तिवाद होता.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, अठरा वर्षांचा एक गुजराती मुलगा साउदॅम्प्टनच्या बंदरात पांढऱ्या फ्लॅनेलच्या सुटात उतरला. असा पोशाख केलेले आपण एकटेच आहोत हे बघून तो मेल्याहून मेला झाला, हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. १९२१ च्या २२ सप्टेंबरला मदुराईत त्याच माणसाने सदरा उतरवून पंचा स्वीकारला, आणि १९३१ मध्ये तसाच बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाला भेटून आला.

आता तिसरं. डिसेंबर १९२७, महाड. सत्याग्रह परिषदेला आलेल्या बायकांपुढे डॉ. आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा सरळ होता: तुमची लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते चांदी-कथलाचे जडशीळ दागिने यांवरून तुमची जात लांबून कळते, ते टाका. लुगडं वरच्या जातींतल्या बायका नेसतात तसं पायघोळ नेसा. बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलल्याच्या आठवणी आहेत. ते स्वतः तर कोट-टायमध्येच असायचे, आणि आज गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळा सूट आहे.

गांधींचा पंचा थोर आणि आंबेडकरांचा सूट साहेबी, असं म्हणणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आले. सदरा उतरवल्यावर ज्याला कोणी ‘अरे’ म्हणू शकत नाही, त्याने तो उतरवावा. ज्याच्या बापजाद्यांना चांगलं नेसायचीच बंदी होती त्याने काय करावं? गोदाकाठ, तुमच्या निळ्या शर्टाचा विषय काढलात म्हणून हे आठवलं. तुम्हाला तो शर्ट दुपारी घालता आला.

(गाडगेबाबा राहिले. अंगात चिंध्या, डोक्यावर मडक्याचं खापर, हातात खराटा. पण त्यांच्यावर वेगळा धागा हवा.)

उसवण (मंगळवार, दुपारी १२:१०)

मी फॉल-पिको, अल्टरेशनचं दुकान चालवते. वडील शिंपी, आजोबा शिंपी. या विषयावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालंय तेवढं कुठल्या विद्यापीठात झालं नसेल.

एक गोष्ट सांगते, आता ती जवळजवळ बंद झाली. कॉलर उलटवणे. शर्टाची कॉलर आणि कफ आधी झिजतात, मानेच्या रेघेवर कापड विरतं, आतलं कॅनव्हास दिसायला लागतं. बाकी शर्ट धडधाकट असतो. मग कॉलर अलगद उसवायची, उलटी करायची, विरलेली बाजू आत, चांगली बाहेर, आणि जुन्याच टाक्यांच्या भोकांतून परत शिवायची. शर्ट अजून दोन वर्षं चालतो. बाबा हे काम रात्री करायचे, कारण गिऱ्हाईक सांगायचं, दुकानात टांगून ठेवू नका.

कॉलर उलटवायला कोण यायचं? शाळामास्तर. कोर्टातले कारकून. पोस्टातले. विमा विकणारे. शेतकरी कधी आला नाही, शेठजी कधी आला नाही. ज्याला नीट दिसणं भाग होतं आणि ज्याचा पगार त्याला पुरत नव्हता, तो यायचा. सदाशिवी म्हणतात नीटनेटकं राहावं. राहतात हो लोक. त्याला किती टाके लागतात ते मी बघितलंय.

मधली सुट्टी (मंगळवार, दुपारी १२:४०)

दुकानात टांगून ठेवू नका. बाप रे.

सफेदा (मंगळवार, रात्री १०:१८)

वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकभूल द्यावी घ्यावी.

माझे वडील रंगारी. पस्तीस वर्षं केलं हे काम. गोदाकाठ सर, तुम्ही जे कपडे घालून गेलात त्यांना आमच्याकडे ‘कामाचे’ म्हणतात. कामाचे कपडे साइटवरच राहतात. बाबा घरून निघताना इस्त्रीचा शर्ट-पँट, खिशाला पेन. हातात पिशवी, त्यात डबा आणि कामाचे कपडे. साइटवर गेल्यावर बदलायचे. चांगले कपडे वर्तमानपत्रात गुंडाळून खिळ्याला टांगायचे, रंगाचा थेंब उडेल म्हणून घासलेल्या भिंतीपासून लांब.

संध्याकाळी उलट. हात रॉकेलने पुसायचे, नखं खिळ्याने कोरायची, टाकीवर आंघोळ, भांग, मग तो शर्ट. बसमध्ये चढायचे ते एखाद्या ऑफिसातून आल्यासारखे. लहानपणी मला वाटायचं बाबा ऑफिसातच जातात, फक्त ऑफिसात रॉकेलचा वास येतो. बसमध्येही वास लपायचा नाही म्हणा. शेजारचा माणूस आधी सरकून जागा द्यायचा, मग थोडा वेळ हुंगायचा, मग तोंड खिडकीकडे करायचा. बाबा पेन काढून तिकिटावर काहीतरी लिहीत बसायचे. काय लिहायचे ते मी कधी विचारलं नाही.

तुमच्या शहरातले गवंडी, रंगारी, सुतार सकाळी बघा. सगळ्यांच्या हातात पिशवी असते. बहुतेकांच्या पिशवीत कपड्यांचा एक जोड असतो. तुम्ही त्यांना रस्त्यात ओळखत नाही, कारण तुम्ही ओळखू नये म्हणूनच ते बदलतात.

तुम्ही काउंटरवर ‘तो मीच’ म्हणाला असतात तर बरं झालं असतं, असं वाटलं. राग नाही. विचारतोय फक्त. का नाही म्हणालात?

गोदाकाठ (बुधवार, सकाळी ६:३०)

सफेदा, रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच लिहितोय. पहिलं म्हणजे सर म्हणू नका.

काल संध्याकाळपर्यंत मी स्वतःला सांगत होतो की त्या मुलीला ओशाळवाणं वाटेल म्हणून गप्प बसलो. तसं नाही. सकाळी दहापासून चारपर्यंत मी ‘तू’ होतो. तिने ‘सर’ म्हटलं तेव्हा पाठ सरळ झाली. ‘तो मीच’ म्हटलं असतं तर त्या ‘सर’मध्ये काहीतरी कमी झालं असतं, निदान मला तशी भीती वाटली. आणि ‘तुमचा तो माणूस’ हे ऐकल्यावर मला त्या माणसाची लाज वाटली. स्वतःची नाही, त्या माणसाची. म्हणजे मीही काउंटरच्या त्या बाजूला जाऊन बसलोच.

अजून एक. बाकीचं घर रंगवायला एक जण येतात. गेली चार वर्षं तेच येतात. काल लक्षात आलं, मी त्यांना ‘अरे’ म्हणतो. ते माझ्याहून मोठे असावेत.

सदाशिवी (बुधवार, सकाळी ८:०२)

सफेदा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे आजोबा पोस्टात होते. उसवण यांनी लिहिलेल्या त्या कॉलरी मी घरात बघितल्या आहेत, ते काय होतं हे काल कळलं. तूर्तास म्हण नाही.

लिंबूसरबत (बुधवार, सकाळी ८:१०)

नोंद घेतली आहे.

गोदाकाठ (शनिवार, रात्री ९:३५)

आजोबांना आज घरी आणलं. ऑपरेशन ठीक झालं, वॉकर घेऊन चार पावलं टाकतायत, आजींवर ओरडण्याइतका आवाज परत आलाय.

आज हॉस्पिटलात तोच टी-शर्ट घालून जायचं असं मी ठरवलं होतं. दोरीवरून काढलाही. मग विम्याचे कागद, बिलातल्या दोन रकमांवर वाद घालायचा होता, सही-शिक्के, आणि बरोबर म्हातारा माणूस. निळा शर्टच घातला. वॉचमनने दार उघडलं.

बिलाच्या रांगेत माझ्या पुढे एक जण होता. पँटीवर सिमेंटचे वाळलेले शिंतोडे, हातात पिशवी, कामावरून तडक आला असावा. खिडकीतून “ए, बाजूला हो जरा, सरांना येऊ दे” असं झालं. तो झालाही बाजूला, सवयीने. मी म्हटलं, “अहो, तुमचा नंबर आहे, तुम्ही व्हा पुढे.” त्याने मागे वळून बघितलं. मी दुसऱ्या कोणाला तरी म्हणतोय असं वाटलं त्याला. मागे कोणी नव्हतं.

रंगवाल्या काकांना उद्यापासून ‘अहो’ म्हणायचं ठरवलंय. आज फोनवर एकदा म्हटलं. ते म्हणाले, “काय झालं साहेब, काही चुकलं का?”

वऱ्हाडी ठेचा (शनिवार, रात्री ९:५८)

भाऊ म्हणा त्यायले. घरात या, बसा वाला.

सफेदा (शनिवार, रात्री १०:२०)

आजोबांना आराम पडू दे. टी-शर्ट टाकू नका, दुसऱ्या खोलीला लागेल. ऑइल पेंटचे डाग असतील तर साबण लावायच्या आधी टर्पेंटाइनने पुसा, उलट केलंत तर डाग बसेल. आणि छताला पुट्टी घासताना स्टूल नको, घोडा (रंगाऱ्यांची उभी राहणारी शिडी) मागवा. माझ्याकडे आहे, मी सिडकोत राहतो.